पायवाटेची लोकसंख्या

नगरपालिकेच्या हेडक्लार्कने ऑफिसची जीप वळणावर थांबवली आणि हॉर्न जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"समोर तर कोणी नाही," शिरगणतीचे तपासनीस साहेब म्हणाले.

"गुरं असतात साहेब. अचानक येतात."

गुरं कसली! पायवाटेने धावत निघालेल्या लोकांना कळायला हवं होतं, की साहेब आले; आता धापा टाकणं बंद, दारात उभं राहणं सुरू.

ही नगरपालिका म्हणजे चार टेकड्यांवरच्या चार वाड्या. त्यांना जोडणारा रस्ता ठेकेदाराने इतका नागमोडी केला होता, की एका वाडीतून निघालेली जीप पुढच्या वाडीत पोचेपर्यंत पायवाटेने गेलेला माणूस तिथे तोंड धुऊन तयार. तरणी माणसं कधीच खाली शहरात उतरली होती. उरलेल्यांची मोजणी प्रामाणिकपणे झाली असती, तर नगरपालिका मोडून शहराला जोडली गेली असती, आणि तिच्याबरोबर दवाखाना खाली गेला असता. हेडक्लार्कच्या मावशीला त्या दवाखान्यात रोज साखरेच्या आजाराची सुई घ्यावी लागायची. म्हणून ही सगळी धावपळ. माणसं कमी होती, पण पाय होते.

साहेब नाकाला रुमाल लावून उतरले. हा दुसऱ्या वाडीतला पहिलाच दरवाजा. दारात मावशी, डोक्यावर आता हिरवी शाल.

"आजी, घरात किती माणसं?"

"सात."

"दिसत नाहीत."

"दिसायला बसून खातात होय? कामाला गेलीत."

पहिल्या वाडीत लाल शालीतल्या याच मावशीने पाच सांगितली होती. साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. हेडक्लार्कने हसू गिळलं. शहरात चार बुकं शिकलं की डोंगरातली माणसं मेंढरांसारखी, सगळी एकसारखीच दिसू लागतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या अडाणीपणावरच तर सगळा डाव उभा होता.

"इथे माणसं राहतात तरी कशाला?" जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले.

"सवय, साहेब," हेडक्लार्क म्हणाला आणि मनात त्याला गाढवांच्या रांगेत नेऊन उभं केलं.

तिसऱ्या वाडीत पहिल्या वाडीतला न्हावी टोपी उलटी घालून दूधवाला झाला होता. मावशी उंबऱ्यावर बसून बोलली. उभं राहणं तिला जमलं नाही. शाल पिवळी, माणसं सहा. साहेबांनी तेही लिहिलं.

चौथ्या वाडीत न्हावी होता, शिंपीण होती, मावशी मात्र नव्हती. साहेबांनी ओळीने सगळ्या दारांकडे पाहिलं.

"त्या आजी नाही आल्या?"

"कोणत्या आजी, साहेब?"

"गुडघा दुखतो त्या. तीन वाड्यांतल्या." साहेबांनी वही मिटली. "चढ आहे. हवं तर थांबू थोडं."

हेडक्लार्कने हात जोडले. "साहेब, दवाखाना तेवढा..."

"घाम पुसा. आकडा मी निघायच्या आधीच ठरलाय. तुम्हाला पुरेल एवढा."

"म्हणजे?"

"तुमची नगरपालिका मोडली तर हा रस्ता, या टेकड्या, ही म्हातारी माणसं शहराच्या गळ्यात पडणार. शहरवाल्यांनीच वरच्या कचेरीत जाऊन सांगितलं, फुकट दिलीत तरी नकोत."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तपासणी झाली म्हणायला कोणीतरी यावं लागतं," साहेब म्हणाले आणि रुमालाची घडी घालत जीपमध्ये जाऊन बसले.

साहेबांना खाली सोडून हेडक्लार्क परतला तेव्हा तिसऱ्या वाडीखालच्या उतारावर सगळे पाय पसरून बसले होते. शिंपीण मावशीचा गुडघा दाबत होती.

"जमलं का रे?" न्हाव्याने विचारलं.

हेडक्लार्कने जीपची किल्ली खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली.

"जमलं."

"तरी म्हटलं!" मावशीने मांडीवर थाप मारली. "काय भोपळा होता रे तो! तीनदा मला म्हणतो, आजी, घरात किती माणसं? शिकलेला म्हणे! आईबापाने फी वाया घालवली."

उतारभर हशा पिकला. हेडक्लार्कही हसला, जरा उशिरा.

"आता शहरवाले बसतील हात चोळत," न्हावी म्हणाला. "डोळा होता त्यांचा आपल्यावर."

"होता ना," हेडक्लार्क म्हणाला.

मावशीने मात्र गुडघ्यावरून हात फिरवला. "चौथी वाडी नाही गाठता आली मला. माझ्या एकटीच्या पायी आकडा हुकला असता तर काय तोंड दाखवलं असतं रे मी?"

"नाही हुकला मावशी. तुझ्या तीन वाड्यांनीच तर तारलं."

तो तिच्या पायाशी बसला, तिचा दुसरा गुडघा मांडीवर घेऊन दाबू लागला.

"हळू," मावशी म्हणाली.