अशिलाची खुर्ची

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी मला पाहिले असेल, पण त्यांना मी आठवणार नाही. माझ्यावर नेहमी कोणीतरी बसलेले असायचे आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्या माणसाकडे असायचे. ते योग्यच होते. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. वकिलाकडे आपली तक्रार घेऊन जो येतो त्याला अशील म्हणतात. टीव्हीवरच्या एका मालिकेत वकीलबाईंच्या टेबलासमोर अशिलासाठी जी खुर्ची होती, ती मी.

माझा जन्म स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका मोडलेल्या कपाटाच्या फळ्यांतून सुतारकाकांनी मला घडवले. आधी त्यांनी माझे पाय आखूड ठेवले होते. अशील खाली बसला की वकीलबाई मोठ्या दिसतील, असे दिग्दर्शकांचे म्हणणे होते. मालिकेची लेखिका मला पाहायला आली आणि तिने नाक मुरडले. इथे येणारा माणूस आधीच खचलेला असतो, त्याला खुर्चीने आणखी खाली बसवू नका, असे ती म्हणाली. काकांनी कुरकुर करत माझ्या पायांना ठोकळे जोडले. ते सांधे रंगाखालून अजूनही दिसतात.

या लेखिकेचा एक हट्ट होता. गोष्ट ज्या भागात सुरू होईल, त्याच भागात ती संपली पाहिजे. अशील आत यायचा, माझ्यावर बसायचा, आपले गाऱ्हाणे सांगायचा. मग वकीलबाईंची धावपळ, कोर्ट, साक्षी, आणि भाग संपायच्या आत त्या माणसाला न्याय तरी मिळायचा किंवा निदान उत्तर तरी. पुढच्या भागात दुसरा माणूस, दुसरी गोष्ट.

माझ्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू? भावांनी घराबाहेर काढलेली एक आत्या बसली. अपघाताचा खोटा आळ आलेला बसचालक बसला. स्वतःचे नाव बदलून घ्यायला आलेली एक मुलगी बसली, तिने बोलता बोलता माझ्या हाताचा रंग नखाने खरवडला होता. नट मंडळी नवी असत. एका दिवसापुरती येत आणि एक अख्खे आयुष्य जगून जात. जाताना बहुतेक जण माझ्या पाठीवर हात ठेवून जात. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

लोकांनाही ही रीत आवडली होती. सेटवर चहा देणारे दादा म्हणायचे की, आपल्याला हीच मालिका परवडते, मध्ये एखादा भाग चुकला तरी कोणाची सून कोण, हे विचारत फिरावे लागत नाही. मेकअप करणाऱ्या ताईंच्या वडिलांची स्मरणशक्ती गेली होती. कालचे त्यांना आज आठवत नसे. इतर मालिका लावल्या की ते कावरेबावरे व्हायचे, पण आमची मालिका ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत शांत बसून बघायचे. मागचे काही माहीत असायची गरजच नव्हती. भाग संपला की ते समाधानाने म्हणायचे, “चला, एक काम मार्गी लागलं.” ताई हे सगळ्यांना सांगत आणि ऐकून लेखिकेचा चेहरा खुलायचा.

आता मामांची गोष्ट सांगते.

मामा म्हणजे एक वयस्कर नट. त्यांना सगळे मामाच म्हणत. उमेदीच्या काळात त्यांनी नाटके केली होती, पण वाट्याला येत ती दारात उभे राहून निरोप देण्याची कामे. आमच्याकडेही ते कधी कोर्टाचे शिपाई, कधी शेजारी, कधी नुसते गर्दीतले एक असायचे. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यावर बसून, समोर कोणी नसताना, आत्याबाईंचे सगळे संवाद म्हणत होते. लेखिका डबा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि ऐकतच राहिली. त्या दिवशी तिने त्यांना शब्द दिला की, मी तुमच्यासाठी एक पूर्ण भाग लिहीन.

तिने शब्द पाळला आणि फार सुंदर भाग लिहिला. त्यात मामा किल्ल्या बनवणारे होते. शेजारच्या बंगल्यात चोरी होते आणि आळ त्यांच्यावर येतो. ते वकीलबाईंसमोर बसून सांगतात, कुलूप मी उघडलं, पण चोरी मी केली नाही. मग उघडलं कशाला, या प्रश्नाला मात्र ते उत्तर देत नाहीत. खरे असे असते की, त्या घरातल्या सुनेला नवऱ्याने कोंडून ठेवलेले असते. किल्लीवाला तिला बाहेर काढतो आणि ती कुठे गेली हे कोणालाही सांगणार नाही, असे तिला वचन देतो. त्या वचनापायी तो कोठडीत जायला तयार होतो. शेवटी ती सूनच धीर करून कोर्टात येते आणि तो सुटतो.

मामांनी पहिल्या प्रवेशात असे काम केले की, दिग्दर्शक ‘कट’ म्हणायचे विसरले. घरी गेल्यावर मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढे काय होते म्हणून विचारले, तर त्यांनी काही सांगितले नाही. शेवट तिने टीव्हीवरच पाहावा आणि तेव्हा तिचा चेहरा आपण पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. हे त्यांनी सेटवर सगळ्यांना हसत हसत सांगितले.

नेमके त्याच दिवसांत वाहिनीचे नवे साहेब आले. त्यांनी तोवरचे चित्रण पाहिले आणि मामांच्या कामाची फार स्तुती केली. मग म्हणाले की, एवढे चांगले रहस्य एका भागात संपवायचे कशाला? उत्तर मिळाले की प्रेक्षक उठून जातो. त्याला टांगून ठेवा.

“जाऊ दे की उठून,” लेखिका म्हणाली. “उत्तर मिळालं म्हणूनच तो परत येतो.”

साहेबांना ते पटले नाही. मालिका बंद पडली तर इतक्या जणांची कामे जातील, हेही त्यांनी गोड शब्दांत सुचवले. दोन दिवसांनी लेखिकेने शेवटचा प्रवेश बाजूला ठेवला आणि मामांना सांगितले की, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. मामा म्हणाले, “ठेवा ताई. पण मला आत ठेवून विसरू नका.”

मित्रांनो, नंतर काय झाले ते तुम्ही ओळखले असेल. भाग किल्लीवाल्याच्या गप्प चेहऱ्यावर संपला आणि दुसऱ्या दिवशी जो तो त्याच्याविषयी बोलू लागला. साहेब खूश झाले. उत्तर आणखी पुढे गेले. मग वकीलबाईंचा हरवलेला नवरा सापडला, त्याची स्मृती गेली, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक आला, नणंदेने कागदपत्रे पळवली. या गोंधळात अशिलांना जागाच उरली नाही. मला टेबलासमोरून उचलून भिंतीला लावले. माझ्यावर कधी फायली ठेवत, कधी कोणाचा कोट. किल्लीवाल्याचे नाव आधी अधूनमधून निघायचे, पुढे तेही बंद झाले. कोणी त्याला सोडवले नाही आणि कोणी शिक्षाही केली नाही. तो नुसता कोठडीत राहून गेला.

दादांनी मालिका बघणे सोडून दिले. ताईंचे वडील टीव्हीसमोर बसायचे आणि पुन्हा पुन्हा विचारायचे, हा कोण, ती का रडते? शेवटी ताईंनी त्या वेळेला टीव्ही लावणेच थांबवले.

मामा मात्र सेटवर येत राहिले. काम नसले तरी यायचे, माझ्यावरच्या फायली उचलून खाली ठेवायचे आणि बसायचे. लेखिका दिसली की ‘आमचं काही?’ एवढेच विचारायचे. ती म्हणायची, पुढच्या महिन्यात नक्की. ती खोटे बोलत नव्हती. दर वेळी ती तो प्रवेश साहेबांपुढे ठेवायची आणि दर वेळी तो मागे पडायचा. ती गेल्यावर मामा सुटकेचा सगळा प्रवेश हळू आवाजात म्हणून पाहायचे. मी तो इतक्या वेळा ऐकला की मला पाठ झाला.

मग त्यांचे येणे कमी झाले. छातीचे दुखणे होते, असे दादा म्हणाले. एके सकाळी दादांनीच ते गेल्याची बातमी आणली. त्या दिवशी चित्रण थांबले नाही. लेखिका भिंतीपाशी आली, माझ्यावरचा कोट काढला आणि तो हातात धरून उभी राहिली.

पुढे लोकही कंटाळले आणि मालिका मध्येच बंद पडली. सेट मोडायचे काम चालू असताना एका दुपारी मामी आल्या. लेखिकेला भेटायचे आहे म्हणाल्या. लेखिकेने त्यांना माझ्यावर बसवले आणि वकीलबाईंची खुर्ची टेंपोत चढलेली असल्यामुळे स्वतः एका खोक्यावर बसली.

“ताई, एकच विचारायचंय,” मामी म्हणाल्या. “त्यांनी चोरी केली होती का?”

लेखिकेने त्यांना सगळी गोष्ट सांगितली, कोंडलेल्या सुनेपासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत, कुठेही न थांबता. आजूबाजूला माणसे फळ्या उचकटत होती, पण मामींचे तिकडे लक्ष नव्हते.

“म्हणजे सुटले ते.”

“सुटले, मामी.”

मामींनी पदर ओठांवर धरला. मग म्हणाल्या, “मी रोज चिडवायचे त्यांना. ते जेवायला बसले की मी म्हणायचे, चोरीचा माल कुठं ठेवलाय ते तरी सांगा. ते नुसते हसायचे. म्हणायचे, थांब, कळेल तुला.”

लेखिका म्हणाली की, शेवट लिहून तयार होता, मी तो मागे ठेवायला नको होता. मामींनी विचारले, “तेवढंच परत सांगता? ते बाहेर पडतात, तेवढं.”

लेखिकेने पुन्हा सांगितले. या वेळी तिने मामांचे संवाद जसेच्या तसे म्हटले. मधे एका वाक्याला ती थांबली, पाणी प्यायली आणि मग उरलेले पूर्ण केले.

आता मी सामान भाड्याने देणाऱ्या एका गोदामात असते. कधीतरी एखाद्या मालिकेसाठी मला नेतात. हल्लीच्या मालिकांत कोणी माझ्यावर फार वेळ बसत नाही. रागाने उठतात, एकमेकांकडे बघतात आणि भाग संपतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्चीला थोडेच लागते. कोरडी जागा, अधूनमधून फडका आणि डुगडुगणाऱ्या पायाला एखादा खिळा. तेवढे केलेत तरी माझे भागेल. पण तुमच्यासमोर बसून कोणी आपले काही सांगू लागला, तर ‘बाकीचे नंतर’ म्हणून त्याला उठवू नका. आणि एखाद्याला आनंद होईल असे काही तुमच्यापाशी असेल, तर ते राखून ठेवू नका. तो समोर बसला आहे, तोवर सांगून टाका.