कलशातली देवी

देवी बोलावणाऱ्या भावकूअप्पाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाटावर तांब्याचा कलश, त्यावर नारळ, शेजारी हळदीकुंकवाने माखलेला लॅपटॉप. त्याच्या काळ्याकुट्ट पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं.

"बघा रं! चित्र न्हाय, यूट्यूब न्हाय, नुसता मंत्र!" अप्पा गरजला. शिष्याने एक ओळ टंकली आणि कलशातून एक बाई बोलू लागली. मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही. बेळगावजवळच्या या कंग्राळी गावातल्या लोकांना या तिन्ही भाषा समजतात. चौथी कानावर आली, म्हणजे ती देवाचीच असणार! धडाधड कपाळं जमिनीला टेकली.

प्रियदर्शनीने टेकलं नाही. आई चक्कर येऊन पडली म्हणून ती हुबळीहून धावत आली होती. आई, म्हणजे मालुबाई, साखरेची सुई, म्हणजे इन्सुलिन, घेणारी. "देवीनं सुई सोडाय सांगिटलंय," हा तिचा एकच धोशा.

पण प्रियदर्शनीची नजर खिळली ती शिष्यावर. भगव्या उपरण्यातला तो शिष्य तिचा सख्खा भाऊ होता, ज्योतिबा. आईने सुई सोडेपर्यंत तिला ती रोज टोचणाराही तोच.

लॅपटॉप तिचाच. परीक्षेचा अभ्यास करायचाय म्हणाला, म्हणून तिने त्याला दिलेला. जुना, रडतखडत चालणारा. म्हणून तिने त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि ब्राउझर न उघडता थेट इंटरनेट रेडिओ कसा ऐकायचा तेही शिकवलं. काळ्या पडद्यावर 'एमपीव्ही' हे प्लेअरचं नाव लिहायचं, पुढे स्टेशनचा पत्ता, मग एंटर. फिनलंडचं हे स्टेशनसुद्धा तिनेच शोधलेलं. एक अक्षर कळत नाही म्हणून दोघं पोट धरून हसली होती.

"देवी म्हणत्या, मालुबाईची साखर म्या गिळली!" अप्पाने अर्थ सांगितला. देवी चार वाक्यं बोलली की अप्पाला त्यातलं एकच कळायचं, तेही सोयीचं.

मालुबाईने हात जोडले. तशी प्रियदर्शनी उठली आणि सरळ लॅपटॉपपाशी गेली.

"पोरी, हात लावलीस तर जळशील!"

"जळू दे की अप्पा."

तिने रेडिओ बंद करणारं 'क्यू'चं बटण दाबलं. देवी अर्ध्या शब्दात गप्प. मग आधीची ओळ परत आणणारा वरचा बाण, मग एंटर. देवी परत सुरू. तेच स्टेशन तिने स्वतःच्या मोबाइलवर लावून हात उंच धरला. कलशातली देवी जे बोलायची, तेच मोबाइलातली थोड्या वेळाने बोलायची.

"आगं बया, द्येवी दोन तोंडांनी बोलत्या व्हय?" गर्दीतली नागुबाई ओरडली.

प्रियदर्शनीने नारळ उचलला आणि कलशातून मुठीएवढा बिनतारी स्पीकर काढला. "ह्यो स्पीकर. इंटरनेट ज्योतिबाच्या खिशातल्या मोबाइलचं. आणि ही फिनलंडची बाई, रेडिओवर हवामान सांगत्या. मोबाइलात भाषांतर बघा, उद्या बर्फ पडणार हाय म्हणं. सुईचं नावबी न्हाय त्यात."

अप्पा कधी मागच्या दाराने सटकला, कोणाला कळलं नाही.

मालुबाई लेकाकडे बघत राहिली. "ज्योत्या, अप्पा परका. पर तुला ठावं हुतं न्हवं? मी पडल्यावर पाणी तूच पाजलास."

"आई, लोकं पाया पडत हुती गं माझ्या..." तो पुटपुटला.

प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला अप्पाची चीड आली होती, पण भावाने दिलेलं दुःख सोसवत नव्हतं. हौसेने शिकवलेली एक ओळ त्याने आईच्याच जिवावर फिरवली होती. ती लोकांकडे वळली. "कळंना झालं म्हणून कुठली भाषा देवाची हुत न्हाय. कळलं न्हाय तर इचारा. आणि औषध डॉक्टरला इचारल्याबिगर सोडू नका."

घरी आल्यावर तिने आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सुई लगेच परत चालू करायला सांगितली. ज्योतिबा गुपचूप फ्रिजमधून सुई काढायला गेला. मालुबाईने त्याच्या हातातून डबी काढून घेतली आणि लेकीसमोर बसली.

"कशी टोचायची ते मला दाव गं. आजपासनं माझी मीच टोचणार."