गार्डन रीचच्या परसातला फिरता ड्रम

दचकू नका. आवाज घरातून नाही, परसातून येतोय. पेरूच्या झाडापलीकडे लाकडी घोड्यांवर आडवा टांगलेला निळा ड्रम दिसतोय ना, तो मीच बोलतोय. माझ्या पोटाला एक दार आहे, अंगभर बारीक भोकं आहेत आणि आरपार एक लोखंडी नळी गेली आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण माझं झकास चाललंय.

जन्मल्याबरोबर माझ्या पोटात साखरेचा घट्ट पाक भरला गेला आणि माझी रवानगी एका मिठाईवाल्याकडे झाली. कोलकात्यात मिठाईवाल्याकडे काम मिळणं म्हणजे मानाची गोष्ट. नासवलेल्या दुधाचा छेना मळणाऱ्या कारागिरांच्या गप्पा ऐकत चार महिने मजेत गेले. पाक संपला, तसा माझा मानही संपला. मला धुतलं आणि खिदिरपूरच्या एका जुन्या ड्रमांच्या दुकानात विकून टाकलं. तिथे आम्ही शंभरेक जण एकावर एक रचलेले होतो. मी सगळ्यात खाली. दीड वर्ष माझ्या डोक्यावर दुसऱ्यांची बुडं होती.

मग एका एप्रिलच्या सकाळी श्यामकांतराव आले. त्यांनी मला बाहेर काढायला लावलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि चक्क माझ्या पोटात डोकं घालून वास घेतला.

"इसमें पहले क्या था?"

"चीनी का रस, साब. खाने का चीज."

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. रसायनाचा ड्रम त्यांना नको होता. खात्री पटल्यावर त्यांनी मला सायकलव्हॅनवर चढवलं आणि घरापर्यंत व्हॅनच्या मागे चालत आले, नव्या सुनेला घरी आणावं तसे.

श्यामकांतराव रेल्वेतले मोठे अधिकारी. चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीच्या वाघिणी, चाकं, ब्रेक यांचा कारभार पाहिला होता. पण तो सगळा कागदावर. स्वतःच्या हाताने त्यांनी एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. आता निवृत्तीला नऊ महिने उरले होते आणि साहेबांना खत करणारा फिरता ड्रम बनवायची हुक्की आली होती. बाजारात तसलं तयार यंत्र मिळतं, पण एका यंत्राच्या किमतीत माझ्यासारखे आठ झाले असते.

ही हुक्की कुठून आली, ते मला पुढे कळलं. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच उघडते. त्यामुळे घरातलं बरंच काही कानावर पडतं.

त्यांच्या पत्नी कालिंदीताई. लग्नानंतर अकरा बदल्या झाल्या आणि अकरा घरांच्या मागे त्यांनी अकरा बागा केल्या. इथे यायच्या आधीच्या घरी एक लिंबाचं झाड त्यांनी जिवापाड जपलं. पहिली फुलं आली आणि बदलीचा कागदही आला. महिन्याभराने काही कामासाठी दोघं तिकडे गेले, तर नव्या माणसांनी गाडी लावायला जागा हवी म्हणून ते झाड तोडलेलं. परतीच्या गाडीत कालिंदीताई एवढंच म्हणाल्या, "आता दुसऱ्याच्या मातीत हात घालायचा नाही."

तो शब्द त्यांनी पाळला. कोलकात्यात, गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीतल्या या घरात येऊन दोन वर्षं झाली तरी त्या परसात यायच्या त्या फक्त कपडे वाळत घालायला. जमिनीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. श्यामकांतरावांना ते खुपत होतं. पण असलं काही तोंडाने बोलणारा तो माणूस नव्हे. म्हणून त्यांनी करवत विकत आणली.

माझ्या डोक्याच्या आणि बुडाच्या मध्यावर भोक पाडून त्यातून नळी घालायची होती. मध्य त्यांनी तीन वेळा मोजला आणि तरी तो दोन बोटं चुकला. म्हणून आजही मी फिरताना लचकतो. मग पोटाला दार कापलं, बिजागऱ्या बसवल्या, कडी लावली. आतून लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकल्या, म्हणजे मी फिरलो की आतला माल वर उचलला जाऊन खाली पडेल. हवेसाठी ड्रिलने भोकं पाडली. प्रत्येक भोकाला ते "हं!" म्हणायचे.

राहिले मला टांगायचे घोडे. त्यासाठी लाकूड हवं होतं. कोठीच्या खोलीत बदलीच्या सामानाच्या सहा जुन्या पेट्या होत्या. साहेबांनी त्यांतल्या दोन बाहेर ओढल्या आणि कापल्या. करवतीचा आवाज ऐकून कालिंदीताई दारात आल्या.

"अहो! पेट्या कापल्यात?"

"दोनच."

"आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या घरी जाताना सामान कशात भरायचं?"

"पुठ्ठ्याच्या खोक्यांत. शेवटचाच तर प्रवास आहे आपला."

"शुभ बोला जरा!" असं म्हणून त्या आत गेल्या. पण आत जाऊन हसल्या. मी ऐकलं ना खिडकीतून.

माझ्या डाव्या पायावर अजून ढोबळ अक्षरं दिसतात: 'काच. सांभाळून'. मला ती शोभतात असं मला वाटतं.

आता खरी परीक्षा होती. श्यामकांतराव रोज स्वयंपाकघरातला ओला कचरा माझ्या पोटात घालू लागले. भाजीची देठं, चहाचा चोथा, कलिंगडाची सालं. मे महिना, त्यात इथली दमट हवा. पंधरा दिवसांत माझ्या पोटात नुसता लगदा झाला. फिरवलं की आतून डबक डबक आवाज यायचा. माशा आल्या, आणि मग वास आला. खरं सांगतो, माझा मलाच कंटाळा आला.

वरच्या मजल्यावर रेल्वेच्या डॉक्टरांचं कुटुंब राहतं. त्यांच्या पत्नी शोभा बौदी, म्हणजे इथल्या रीतीने शोभावहिनी. बोलायला मोकळ्या आणि आवाजाला खणखणीत. एका दुपारी त्या पदराने नाक दाबून खाली आल्या.

"दीदी, हम बोलेगा तो आपको खराब लगेगा. लेकिन शनिवार को जामाईषष्ठी है. हमारा बेटी केतकी का दूल्हा, नया जामाई, पहला बार खाने आएगा. बरामदे में बैठाएगा. नीचे ये पीपा!"

जामाईषष्ठी म्हणजे इथला जावयाच्या कौतुकाचा दिवस. त्या दिवशी सासू जावयाला समोर बसवून पोटभर खाऊ घालते. आणि तो बसणार होता तो सज्जा माझ्या बरोब्बर वर.

"शनिवार तक हो जाएगा, बौदी," श्यामकांतराव घाईघाईने म्हणाले.

बुधवारी त्यांनी माझ्या शेजारी कापूर जाळला. गुरुवारी माझ्या भोकांत चार उदबत्त्या खोचल्या. माझी जणू पूजाच मांडली. आता परसात दोन वास झाले, आणि दोन्ही एकमेकांना हटेनात.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसले. हात धुतलेले, तरी पुन्हा पुन्हा हुंगत होते.

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो," ते आत बघून म्हणाले. "मला सह्याच करता येतात, कालिंदी. चौतीस वर्षं त्याच केल्या. उगाच नाही ते करायला गेलो."

आत लाटण्याचा आवाज थांबला. मग गॅस बंद झाला, आणि पदर खोचत कालिंदीताई बाहेर आल्या. माझी कडी काढली आणि आत डोकावल्या.

"नुसतं ओलंच घालताय इतके दिवस?"

"मग काय घालायचं?"

"नुसतं वरण ओतून जेवण होतं का? खाली भात लागतो. याला सुकं हवं. पाला, भुसा, कागद. ओल्याच्या दुप्पट."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून दिसत होतं खिडकीतून."

"मग बोलली का नाहीस?"

त्याचं कारण मला ठाऊक होतं. बोलल्या असत्या तर बाहेर यावं लागलं असतं.

"पोतं आणा," त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर जाऊन येऊ."

कॉलनीच्या रस्त्यावर मोठमोठी शिरीषाची झाडं आहेत. खाली वाळक्या पाल्याचा थर असतो. साहेब आणि त्यांच्या पत्नी भर रस्त्यात वाकून पाला गोळा करताहेत, हे बघून फिरायला निघालेली दोन माणसं थांबली म्हणे. एकाने सलामही केला. श्यामकांतरावांनी पोतं न सोडता मान हलवली. येताना दिलीप सुताराच्या दुकानातून भुसा मागून आणला.

पाला, भुसा आणि फाडलेली वर्तमानपत्रं माझ्या पोटात गेली. वरून ताईंनी पेरूच्या बुंध्याची दोन मुठी माती टाकली. मग दोघांनी मिळून मला फिरवलं. त्या ओझ्याने माझी नळीची भोकं फाटू लागली. कर्रर्र असा आवाज मी मुद्दामच मोठ्याने केला. आता मात्र साहेब खुलले.

"थांब! हे माझं खातं!"

त्यांनी दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या दोन चकत्या कापून माझ्या दोन्ही अंगांना नटबोल्टने आवळल्या आणि पाणी निथळायला खालून सहा भोकं जास्त पाडली. तेव्हापासून मी भक्कम झालो.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत वास निम्मा झाला. शनिवारी सकाळी ताईंनी नाक माझ्या दाराशी आणलं आणि म्हणाल्या, "चालेल."

दुपारी वर जेवणाची धांदल उडाली. जावई सलीलबाबू कसल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारे. लाजाळू माणूस. पाचव्या वाढपानंतर हात धुवायच्या निमित्ताने ते सज्ज्यात आले, खाली वाकले आणि मी त्यांच्या नजरेस पडलो.

"वो क्या है?"

शोभा बौदी त्यांना आत बोलावू लागल्या. पण सलीलबाबू तोवर जिना उतरून खाली आलेसुद्धा. श्यामकांतरावांनी त्यांना सगळं दाखवलं. नळी, चकत्या, आतल्या पट्ट्या, एकेक भोक. सलीलबाबूंनी मला दहा वेळा फिरवलं आणि दहा वेळा हसले. वरून हाका येत होत्या, "मिष्टि बाकी है! आम बाकी है!" पण जावई काही हलेना. पोट उतरवायला ही त्यांना बरी सबब मिळाली होती.

संध्याकाळी बौदी बादली घेऊन खाली आल्या. आंब्याची साल, फणसाचा चोथा आणि त्यावर इलिश माशाचे काटे.

"बौदी, मछली नहीं," कालिंदीताई म्हणाल्या. "बास आएगा. बिल्ली आएगी."

"काँटा भी नहीं खाएगा? ये पीपा मराठी है क्या?"

बौदी, ताई आणि साहेब, तिघंही पोट धरून हसली. मी काय बोलणार? मिठाईवर वाढलेला मी, मला माशाची सवय कुठली!

दोन महिन्यांनी माझं पहिलं खत निघालं. काळंभोर, भुसभुशीत, जंगलातल्या मातीसारख्या वासाचं. श्यामकांतराव ते ओंजळीत घेऊन घरभर फिरले. बौदींच्या कुंड्यांना गेलं, दिलीप सुताराच्या तुळशीला गेलं. आमच्या परसातली जमीन मात्र तशीच विटांच्या तुकड्यांनी भरलेली. साहेब मुद्दाम खताचं एक पोतं दाराजवळ ठेवून द्यायचे.

दुर्गापूजा झाली, दिवाळी झाली. मग एका सकाळी साहेब कचेरीत गेल्यावर कालिंदीताई खुरपं घेऊन बाहेर आल्या. विटा वेचल्या. दुपारपर्यंत गुडघाभर खड्डा केला, त्यात माझं खत भरलं आणि बाजारातून आणलेलं, इथल्या सुवासिक गंधराज लिंबाचं रोप लावलं. श्यामकांतराव परतले ते बूट न काढताच तिथे उभे राहिले.

"याला लिंबं यायला तीन वर्षं लागतील," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"आपण तीन महिन्यांत जाणार."

"तेही माहीत आहे. पाणी घाला, उभे काय राहिलात!"

त्यांनी पाणी घातलं. झारीतून अर्धं त्यांच्या बुटांवरच पडलं, कारण ते रोपाकडे बघतच नव्हते.

जानेवारीअखेर साहेब निवृत्त झाले. पुठ्ठ्याची खोकी भरली. मला नेण्याचा विचार त्यांनी केला होता, नळी काढायला पानासुद्धा आणला होता. पण नाशिकचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि ताई म्हणाल्या, "त्याला इथेच राहू दे. तिकडे तुम्ही दुसरा करा. या वेळी मध्य नीट काढा."

जायच्या दिवशी सकाळी दोघांनी मला काठोकाठ भरलं. ओलं एक, सुकं दोन. एवढं भरलं की आतला माल कुजता कुजता चांगला तापतो. बौदी मुळूमुळू रडत होत्या आणि मधूनच भाज्यांची सालं आणून देत होत्या. श्यामकांतरावांनी मला शेवटचं पाच वेळा फिरवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली, एखाद्या बैलाला मारावी तशी. ताईंनी फक्त कडी नीट लागलीय ना ते पाहिलं. दोनदा पाहिलं.

त्याला आज सहा दिवस झाले. काल संध्याकाळी नवी माणसं आली. तरुण जोडपं, रांचीकडचं. रात्री त्यांनी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. माझ्या मनात आलं, झालं, संपलं आता सगळं.

पण आज सकाळी ती मुलगी टॉवेल घ्यायला आली. टॉवेल तिला उबदार लागला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग हळूच कडी काढली. थंडीत माझ्या पोटातून वाफ वर आली आणि तिच्या तोंडावर गेली.

"अजी, सुनो!" तिने आत हाक मारली. "ये तो गरम है! अंदर कुछ ज़िंदा है क्या?"

आहे, बाई, आहे. जरा फिरवून तर बघ.