तोलबाबांचं कडं

सभागृहात म्हाताऱ्यांची नुसती झुंबड उडाली होती. व्यासपीठावर काठ्यांचा ढीग साचला होता आणि शेजारी तोलबाबा गर्जत होते, "तोल पायात नसतो, भक्तांनो, मनगटात असतो! हे कडं घाला, काठी टाका. भूमाता तुम्हाला खाली ओढणारच नाही!"

"मग उडी मारली की वरच राहायचं का?" श्रोत्यांतल्या एक निवृत्त विज्ञानशिक्षिका बाई पुटपुटल्या.

"अगं, हळू बोल!" त्यांचे यजमान दटावत म्हणाले. गेल्याच महिन्यात ते न्हाणीघरात घसरले होते. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं होतं. डॉक्टरांनी दिलेली काठी आत्ताच त्या ढिगात गेली होती आणि मनगटात नवं कडं चकाकत होतं. बाईंची नजर पुन्हा पुन्हा त्या काठीकडे जात होती. पुन्हा पडले तर?

बाबा एकेकाला पाय जुळवून उभं करत, हात बाजूला ताणायला लावत आणि त्यावर दाब देत. माणूस कलंडे. मग कडं घालून पुन्हा दाब, की तोच माणूस खांबासारखा उभा! टाळ्यांचा कडकडाट होई.

सगळे पडणाऱ्याकडे बघत होते. बाईंनी बाबांच्या हाताकडे बघितलं, आणि उठल्याच.

"बाबा, माझाही तोल बघा."

बिनकड्याच्या बाई कलंडल्या. बाबांनी कडं दिलं. "थांबा हं, स्वेटरची बाही घट्ट आहे," म्हणत त्या पाठमोऱ्या झाल्या आणि सावरायला धावून आलेल्या यजमानांच्या खिशात त्यांनी कडं हळूच सोडलं. बाबांनी दाब दिला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"बघा कड्याचा प्रताप!"

बाईंनी बाही वर केली. मनगट मोकळं. "कडं यांच्या खिशात आहे."

बाबा क्षणभर गडबडले. "पती-पत्नी म्हणजे एकच देह!"

"मग हे पडले तेव्हा मला का नाही लागलं?"

सभागृह खदखदून हसलं. बाईंनी यजमानांचाच कडं घातलेला हात धरला. "जरा बाहेरच्या बाजूला दाबलं की माणूस कलंडतो," त्यांनी दाबलं, यजमान मागच्या खुर्चीत कोसळले. "पायांच्या दिशेला दाबलं, की उभा राहतो. एवढीच सिद्धी!"

मग काठ्यांवर एकच झोंबाझोंबी झाली. "ती माझी! रबर नवं आहे तिचं!" त्या गोंधळात बाबा कड्यांची पेटी काखोटीला मारून मागच्या दाराने पसार झाले.

"पण बाई, पडू नये म्हणून करायचं तरी काय?" एका आजींनी काकुळतीने विचारलं.

"ओली फरशी पुसा. सरकणारं पायपुसणं काढा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, वाटेत दिवा ठेवा. डोळे तपासून घ्या, गोळ्यांनी गरगरतं का, ते डॉक्टरांना विचारा. आणि आता उठा, खुर्चीची पाठ धरा, एक पाय उचला."

सगळे उठले. यजमानांनीही कुरकुरत पाय उचलला.

"यात चमत्कार तो काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर रोज करावं लागतं."