ताईचा डोस

ताई सात वर्षांची होती तेव्हा तिला ताप आला. घरच्यांना वाटलं, साधाच असेल. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. मशीनशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर ती निजून राहिली. ताप उतरला त्या सकाळी उठायला गेली आणि कोसळली. आई म्हणाली, अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी तिच्या तळव्यावरून चावी ओढून पाहिली. पाय हलले नाहीत. मग त्यांनी वडिलांना बाहेर बोलावलं.

तोवर ताईच्या पायाला भिंगरी होती. आता लोखंडी पट्ट्या आल्या, कुबड्या आल्या. आई रोज तिचे पाय तेलाने चोळायची, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

पुढच्या वर्षी आमच्या भागात पोलिओची लस आली. आई मला कडेवर घेऊन दवाखान्यात निघाली. ताई हट्टाने बरोबर आली. नर्सबाईंनी माझ्या तोंडात थेंब टाकले, तर शेजारी ताईनेही आ केला. बाईंनी आईकडे पाहिलं आणि ताईलाही डोस दिला.

येताना ताईच्या तोंडाला खळ नव्हता. बूट कुठल्या रंगाचे घ्यायचे, पळण्यात कुणाकुणाची जिरवायची, सगळं तिचं ठरलं होतं. आईला कळत होतं; ती मला कडेवर सावरत चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या न बांधताच ताईने पलंगावरून पाय खाली सोडले. धप्पकन आवाज झाला, तसे वडील हातातली कात्री टाकून धावले. ती रडत नव्हती.

"अजून लागू पडलं नाही," ती म्हणाली.

वडील तिच्याजवळ फरशीवरच बसले. "त्या औषधाने गेलेले पाय परत येत नाहीत, बाळा. ज्यांचे चांगले आहेत त्यांचे जाऊ नयेत, म्हणून ते देतात."

"मग मला आधीच का नाही दिलं?"

"तेव्हा ते इथे आलंच नव्हतं गं."

ताईने मान डोलावली. वडील उचलायला गेले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला आणि सरकत जाऊन पट्ट्या ओढून घेतल्या. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

ताई शिकली, शाळेत गणित शिकवू लागली. वडील गेल्यावर आईचं सगळं तिनेच केलं. शेवटी शेवटी आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. कुबड्या घेऊन समोर उभ्या असलेल्या ताईला ती परक्या बाईसारखं विचारायची, "अहो, आमची मोठी अजून खेळून आली नाही का?"

"येईलच एवढ्यात," ताई म्हणायची.