सहा सिलिंडरची म्हणून मी जत्रेत मरायचं?

आठ सिलिंडरचं इंजिन असेल तीच गाडी, बाकी सगळी भांडी! ओहायोतल्या या घरात हा नियम आहे आणि ‘का?’ असं कुणी विचारायचं नाही.

मी त्यातलंच एक भांडं बोलतेय.

नाव कूगर. दोन दारं, लांबलचक नाक, सगळा जोर मागच्या चाकांना आणि सिलिंडर फक्त सहा. जन्म इथलाच, लोरेनच्या कारखान्यातला. इर्मा आजींनी मला पसंत केलं आणि एल्मर आजोबांचं तोंड आंबट झालं. त्यांचे मित्र यायचे तेव्हा मला कोठारामागे लावायचं फर्मान सुटे, जणू मी पळून जाऊन लग्न केलेली मुलगी! मित्रांच्या आठ सिलिंडरवाल्या मात्र बॉनेट उघडून ओळीत उभ्या. म्हातारे तासन्‌तास इंजिनं न्याहाळत. चालवत कुणीच नसे.

आजी गेल्या आणि मी त्यांच्या नातीला, कोरीनला मिळाले. हिवाळ्यात तिनं माझ्या डिकीत वाळूची पोती टाकली, मागची चाकं बर्फावर घसरू नयेत म्हणून. मग एका रविवारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पोती काढून मला मुद्दाम घसरवलं! शेपूट सुटते, ती स्टिअरिंग उलट फिरवते, मी डौलात वळते. पुढच्या चाकांनी ओढत नेलेल्या गाड्यांना हे सुख काय कळणार!

ऑगस्टात जत्रा आली. तिथे जुन्या गाड्या मैदानात एकमेकींवर आदळवतात; शेवटपर्यंत जी हलते ती जिंकते. या घरातून दर वर्षी एक गाडी जाते. ती नेतो कोरीनचा ड्वेनकाका; यंदा त्याच्याकडे मोडायला काही नव्हतं. त्यानं माझ्या दारावर रंगानं भला मोठा नंबर काढला आणि काचा फोडायला हातोडा आणला.

कोरीन हातातलं कणीस टाकून धावत आली. “काका, हातोडा खाली!”

“अगं, सहा सिलिंडरची आहे ती. मरताना तरी नाव काढेल.”

“मग तुझा ट्रक ने. आठवाला आहे, जास्त नाव काढेल.”

“ट्रकचं नाव काढायचं नाही हं!”

व्हरांड्यातून आजोबा गुरकावले, “कोरीन, वाद नको. या घरात ठरलेलं आहे.”

“कुणी ठरवलं?”

“माझ्या वडिलांनी.”

“त्यांनी हिला चालवलं होतं?”

“ही घरात आली त्याआधीच ते गेले होते.”

“आणि तुम्ही, आजोबा? एकदा तरी?”

आजोबा काकाकडे बघू लागले. काका हातोड्याकडे.

कोरीननं माझं दुसरं दार सताड उघडलं. “मी हिला देणार नाही. पटत नसेल तर बसा, चालवून बघा, मग बोला.”

कुणी बसलं नाही. तिनं दार आपटलं, स्टिअरिंगमागे बसून मला चालू केलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. अंगणातल्या खडीवर माझी शेपूट सुटली, मी अख्खी गोल फिरले आणि रस्त्याला लागले. मागे धुळीत दोघं उभे होते. काका हातोड्यानंच डोळ्यांपुढची धूळ वारत होता.