खरखरणारा चौथा कान

मित्रांनो, माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एक बटण पिवळं पडलंय आणि पट्ट्याच्या जागी सुताची दोरी आहे. मी एक जुना रेकॉर्डर आहे. पण म्हणून मला भंगारात धरू नका. मला चार कान आहेत. तुमच्या मोबाइलला विचारा त्याला किती आहेत ते.

चार कान म्हणजे चार माइक जोडायच्या चार जागा. एका कानानं ऐकलेलं दुसऱ्यात मिसळत नाही. चार जणांनी एकाच पानावर लिहिलं तर नुसती गिचमिड होते, हो ना? मी चौघांना चार वह्या देतो. मग हवी ती वही उघडावी आणि एकेकाचं ऐकावं.

मी कारखान्यातून आलो तेव्हा चारही कान तिखट होते. माझ्या पहिल्या मालकानं मला हौसेनं घेतलं, दोन लग्नांत मिरवलं आणि कपाटात टाकलं. टाकताना पोटातले सेल काढायचे असतात, एवढं साधं त्याला सुचलं नाही. तीन वर्षांत ते सेल फुटले, आतला खार पसरला आणि माझा चौथा कान खरखरू लागला. मला फार वाईट वाटलं. शेवटी मी एका जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथं मला सोमेश्वर भेटला. मांजरसुंब्याच्या नाक्यावर त्याचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. दुकानदारानं त्याच्यापुढं सोळा माइकचं मोठं यंत्र मांडलं, त्यावर दिवे लुकलुकत होते. सोमेश्वरनं एकच विचारलं, "ह्याला लाईट लागती का?"

"लागणारच की."

"मग न्हाई जमायचं. आमच्या मामाच्या मेंढवाड्यावर खांबच न्हाई."

मग त्यानं मला उचललं. खांद्याला अडकवून चार पावलं चालून बघितलं. पोट उघडून बघितलं, तर त्यात साधे पेन्सिल सेल बसत होते, टपरीवरही मिळणारे. त्यानं मला चालू करून चारही कानांत टिचक्या मारल्या. चौथ्याची खरखर ऐकून दुकानदार ओशाळला. सोमेश्वर म्हणाला, "असू द्या. तिघांचं भागतंय." माइकही त्यानं साधेच घेतले, माझे सेल न खाणारे. मित्रांनो, वस्तू कशी निवडावी हे त्या माणसाकडून शिकावं. कुठं न्यायचंय, तिथं काय मिळतं आणि कुणाचं ऐकायचंय, एवढंच त्यानं पाहिलं.

ऐकायचं होतं त्याच्या मामाचं. सटवामामा घाटनांदूरच्या माळावर मेंढरं राखायचे. त्यांच्या वाडवडिलांचं एक लांबलचक गाणं होतं. उन्हाळ्यात कळप घेऊन निघालं की वाटेत कुठं कुठं पाणी लागतं, ते सगळं त्यात होतं. एकवीस पाणवठे, शेवटचा कपिलधारेचा. ते गाणं अख्खं येणारा माणूस आता एकच उरला होता. सोमेश्वरनं मोबाइलवर दोनदा धरून पाहिलं होतं, तर त्यात नुसता ढोल. ढोल बंद ठेवावा म्हटलं तर मामांना ढोलाशिवाय एक ओळ सुचत नव्हती. म्हणून तर माझी गरज लागली.

आम्ही एका रविवारी दुपारी पोचलो. मेंढरं लिंबाखाली बसली होती. देवळाच्या मंडपात वारा कमी लागेल, तिथं बसू, असं सोमेश्वर म्हणाला. मामांनी साफ नाही म्हटलं. "आमी हितंच बसतो. कोकरांकडं पाठ करून. पहिल्यापासून तसंच हाय." कोकरांना जाळीच्या कुंपणात ठेवलं होतं आणि त्यांच्याजवळ मामी, साखराबाई, बसल्या होत्या. सोमेश्वरनं वाद घातला नाही.

पण वारा सुटलाच आणि माझ्या कानांत घोंघावू लागला. सोमेश्वर हताश झाला. तेव्हा साखरामामी उठल्या, कातरलेल्या लोकरीचे पुंजके आणले आणि प्रत्येक माइकला टोपडं घातल्यासारखे बांधले. वारा गप्प झाला. दुकानात याच कामाची टोपडी काचेत मांडून ठेवलेली मी पाहिली होती. मामींनी ती बसल्या जागी केली. मी त्याच वेळी त्यांच्यावर खूश झालो.

पहिला कान मामांना दिला, दुसरा त्यांच्या साथीला बसणाऱ्या म्हाळूच्या ढोलाला, तिसरा धर्मराजच्या झांजेला. चौथा उरला. सोमेश्वर म्हणाला, "खरखरतोय तर खरखरू दे, मेंढरांच्या घंटा तरी येतील." त्यानं तो माइक जाळीला टांगला आणि हलकासा आवाजही यावा म्हणून त्याची कळ पूर्ण वर फिरवली.

"मेंढरांचं काय ऐकायचं बे?" मामा हसले, आणि गाऊ लागले. काय तो आवाज! पहिलं पाणी लिंबाखाली, दुसरं पाणी काळ्या खडकाखाली... तेरा पाणवठे झाले आणि मामांना ठसका लागला. "बास आता. बाकीचं पुढल्या आयतवारी."

तो पुढला रविवार आलाच नाही. बुधवारी मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. आठ पाणवठे त्यांच्या पोटातच राहिले.

सोमेश्वर दोन दिवस जेवला नाही. माझ्यावर हात ठेवून बसायचा. मग त्यानं आहे तेवढं तरी नीट जपावं म्हणून एकेक वही उघडली. चौथी उघडायच्या आधी म्हणाला, "ही काय, खरखरच. पुसून टाकावी." बोट बटणावर गेलं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण तो माणूस काळजीनं काम करणारा. पुसायच्या आधी एकदा ऐकावं म्हणून त्यानं हेडफोन लावला.

खरखर होती. घंटा होत्या, रवंथ होता. आणि या सगळ्याखाली एक बारीक आवाज होता. दुसरं पाणी काळ्या खडकाखाली... मामांच्या आधी एक श्वास. प्रत्येक ओळ, मामांच्या आधी. साखरामामी मागं बसून सांगत होत्या आणि मामा गात होते. मामा ठसका लागून थांबले, माणसं उठली, तरी मामी कोकराला थोपटत पुढं पुटपुटत होत्या, "चौदावं पाणी..." सोमेश्वर रडायला लागला.

त्यानं तडक घाटनांदूर गाठलं आणि हेडफोन मामींच्या कानाला लावला. मामी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "माझं कावून घेतलंस यात?"

"मामी, पुढचं तुमीच म्हणा."

"बायामाणसानं ढोलापुढं बसायचं नसतंय. अन् गाणं ह्यांचं हाय. मी निस्ती आठवण करून देत व्हते."

खाटेवरून मामा हे ऐकत होते. त्यांनी डाव्या हातानं म्हाळूला खूण केली. म्हाळूनं त्यांना उचललं. मामांनी बोटानं जागा दाखवली, कोकरांच्या जाळीजवळची. तिथं ते टेकून बसले, मामींच्या जागेवर, आणि समोरची आपली जागा मामींना दाखवली. थोड्या वेळानं मामी जाऊन बसल्या आणि पदर सारखा करून गाऊ लागल्या. म्हाळूनं ढोल धरला, धर्मराजनं झांज. चौथा माइक सोमेश्वरनं पुन्हा जाळीलाच, आता मामांजवळ, टांगला.

चौदावं, पंधरावं, सोळावं. सतराव्या पाण्याला मामी अडल्या. इतकी वर्षं दुसऱ्याला आठवण करून दिली, त्यांना द्यायला कोण होतं? ढोल नुसताच वाजत राहिला. तेव्हा मागून मामांनी त्या ओळीची चाल गुणगुणली. शब्द एकही नाही, जीभच वळत नव्हती, पण चाल बिनचूक. मामींना ओळ सापडली. त्या कपिलधारेपर्यंत थांबल्या नाहीत.

मामा जाऊन आता दीड वर्ष झालं. गाणं अख्खं माझ्यात आहे, मामींच्या नातींना ते पाठ झालंय. मित्रांनो, वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातले सेल काढत जा. आणि काहीही पुसायच्या आधी एकदा शेवटपर्यंत ऐकत जा. मोठा आवाज तर सगळ्यांनाच ऐकू येतो, त्याच्या मागं कोण बसलंय तेही बघत जा.

परवा सोमेश्वर माझा चौथा कान बदलायला निघाला होता. स्क्रू काढायला पेचकस हातात घेतला, तर मामींनी त्याचा हात धरला.

"राहू दे तो. त्यानं ह्यांना ऐकलंय."